घड्याळजींचे तीर्थ

मामाजींनी खिशातून औषधाची लहानशी बाटली काढली आणि तिच्यातील पाण्याचा एक थेंब त्या किमती घड्याळाच्या काचेवर सोडला. त्या क्षणी दुकानातील विक्रेत्या चांदेबाईंच्या मुखावरील हास्य मावळले नाही, परंतु जागच्या जागी थिजले, हे मला स्पष्ट दिसले.

"पाण्याची काळजी नको काका," त्या म्हणाल्या. "हे घड्याळ पाण्यात बुडालं तरी आत थेंब जाणार नाही."

"बुडवाचं नाही जी," मामाजी म्हणाले. "पाहाचं आहे."

आणि ते काचेवर वाकले. सीताबर्डीवरील त्या दुकानात थंड हवेचे यंत्र चालू होते, तरी माझ्या कपाळावर घाम जमला. आमच्या मागे उभी असलेली दोन सुशिक्षित माणसे आमच्याकडे पाहत होती. मामाजींच्या डोक्यास पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, माझ्या पायात रबरी चपला. आमच्या गावाने घेतलेले हे पहिलेच महागडे घड्याळ असणार होते, आणि ते पसंत करण्याची जबाबदारी आम्हा दोघांवर होती.

मामाजी म्हणजे माझे सासरे आडकूजी नान्हे. पवनीपासून वैनगंगेच्या काठाने वर गेले असता आमची गावे लागतात. जातीने आम्ही ढिवर. मासे धरणे व तळ्यात शिंगाडे लावणे हा आमचा उद्योग. परंतु मामाजींची ओळख पंचक्रोशीत निराळीच होती. ते शंकरपटाचे घड्याळजी होते. धानाची कापणी उरकली की पौषात आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यती भरतात. ज्या सरळ रस्त्यावर जोड्या धावतात त्याला दाण म्हणतात. दाणीच्या शेवटी हाती घड्याळ घेऊन जो उभा राहतो तो घड्याळजी. झेंडी पडली की त्याने कळ दाबावी, जोडीने रेघ ओलांडली की पुन्हा दाबावी, आणि काटा ज्या रेघेवर थांबला ती पुकारावी. त्याच्या शब्दापुढे मालगुजाराचा, गावच्या जमीनदाराचाही शब्द चालत नसे.

मामाजींच्या शब्दाला आणखी एक तेज होते. काटा थांबला की ते लगेच पुकारीत नसत. वैनगंगेच्या पाण्याचा एक थेंब ते काचेवर सोडीत, मस्तक नमवीत, आणि मगच आकडा उच्चारीत. त्या वेळी सहस्रावधी माणसे डोक्यावरच्या टोप्या काढीत असत. हे तीर्थ केव्हापासून सुरू झाले, हे कोणी विचारले नाही. देवाचे पाणी साक्षीला ठेवून बोलणारा मनुष्य खोटे बोलेलच कसा, अशी लोकांची श्रद्धा होती. माझीही होती. मी सातवीपर्यंतच शिकलो असलो तरी ग्रामवाचनालयातील पुष्कळ पुस्तके वाचलेली असल्याने मी श्रद्धा व अंधश्रद्धा यांत भेद करीत असे. आणि हा थेंब मी श्रद्धेच्या बाजूला ठेवला होता.

परंतु आदल्या वर्षीच्या पटात विपरीत घडले. सावरला गावचे मोडकूजी कापगते यांची जोडी शेवटच्या धावेत हरली, तेव्हा त्यांनी मामाजींच्या हातातून जुने घड्याळ ओढून घेतले, उन्हात धरले, लांब धरले, जवळ धरले, आणि म्हणाले की या काचेवर इतके ओरखडे आहेत की काटा कोणता आणि ओरखडा कोणता हे ब्रह्मदेवालाही कळायचे नाही. शिवाय जाता जाता एक टोमणा मारला.

"घड्याळजीले चष्मा लागला का काचेले मोतीबिंदू झाला, ते एकदा पाहून घ्या जी."

लोक हसले. आमच्या पटांवर चष्मेवाल्याच्या हाती घड्याळ देत नाहीत. 'डोळ्यावर काच चढली की हातचं घड्याळ उतरते' अशी म्हणच आहे. मामाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी दुपट्ट्याने घड्याळ पुसले आणि खिशात ठेवले.

पटसमितीचे अध्यक्ष नरहरीजी भेंडारकर, राईस मिलचे मालक. त्यांनी वाद मिटविला, परंतु पौष जवळ येताच मला मिलवर बोलावून घेतले. पटाचे हे सुवर्णवर्ष असल्याने समिती घड्याळजींना नवे, उत्तम प्रतीचे घड्याळ देणार होती, आणि घड्याळजींना नागपुरास नेऊन ते पसंत करविण्याचे काम जावई या नात्याने माझ्याकडे आले. त्यांचा भाचा शहरात शिकलेला. त्याच्याकडून त्यांनी काचेची सर्व माहिती घेतली होती.

"सफायर नावाची काच असते म्हणते," ते म्हणाले. "तिच्यावर ओरखडा म्हणून पडत नाही. तेच आणा. आन् हे ऐकून घ्या, गजानन. यंदा जर पुन्हा काचेवरून वाद झाला, तर पुढच्या सालापासून आपोआप आकडा दाखवणारं बटणाचं मशीन येईल. मग आडकूजीनं घरी आराम करावा. मी काही करू शकणार नाही."

मी त्यांना शब्द दिला. घरी येऊन ही वार्ता माझ्या पत्नीस, देवकन्येस सांगितली, तेव्हा तिने चुलीतला जाळ मागे ओढला. मग तिने मला एवढेच बजावले की आई गेल्यापासून बाबांना घड्याळाशिवाय दुसरे काही उरलेले नाही. ते हातून गेले तर बाबा जेवण सोडतील. तेव्हा काच अशी आणा की कोणाला तोंड उघडायला जागा राहू नये.

असा हा भार डोक्यावर घेऊन मी त्या दुकानात बसलो होतो.

चांदेबाईंनी काळ्या मखमलीच्या तबकात तीन घड्याळे मांडली होती. तिन्ही चावीची, तिन्हींस थांबता काटा. त्या फार शांतपणे समजावून सांगत होत्या. पहिल्याची काच वास्तविक काच नव्हेच, ते उच्च प्रतीचे प्लास्टिक, घुमटासारखे फुगीर. त्यावर ओरखडे लवकर पडतात, परंतु घासून काढता येतात, आणि आपटले तरी त्याचा चुरा होत नाही. दुसऱ्याची काच कडक केलेली, खिडकीच्या काचेची थोरली बहीण म्हणावी अशी. हे घड्याळ थोडे हलक्या प्रतीचे होते. तिसरे घड्याळ पहिल्याचेच जुळे भावंड, तेच यंत्र, तीच तबकडी, परंतु त्यावर सफायर. नीलमणी ज्या द्रव्याचा असतो त्याच द्रव्याची यंत्रात घडविलेली काच, सपाट व पारदर्शक. हिऱ्याखेरीज तिला सहसा काही ओरखडत नाही. मात्र कडेवर वर्मी घाव बसला तर ती तडकू शकते.

मी सफायरवर अंगठा फिरवून पाहिला. माझा अंगठा तिच्यावर उमटला.

"तुमच्या हाताला तेल आहे का?" बाईंनी विचारले. त्यांनी रागाने विचारले नाही, परंतु मी शरमलो. आम्ही पहाटे तळ्यात उतरणारी माणसे. पाण्याने कातडी फाटते म्हणून अंगाला व डोक्याला तेल चोपडल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नाही. बाईंनी एका कुपीतून द्रावण फवारले आणि मऊ कापडाने काच अशी पुसली की ती तेथे आहे की नाही हेच समजेना.

त्यानंतर मामाजींनी ती औषधाची बाटली काढली होती.

पहिला थेंब त्यांनी प्लास्टिकवर सोडला. तो शिंगाड्याच्या फुलावरील दवासारखा गोल उभा राहिला. मामाजींनी घड्याळ डोळ्यांपासून हातभर दूर धरून वाकून पाहिले. त्यांच्या मुद्रेवर समाधान पसरले. दुसरा थेंब मधल्या घड्याळावर. तो बसकट झाला. तिसरा त्यांनी सफायरवर सोडला, आणि तो थेंब राहिलाच नाही. तो काचेवर सर्वत्र पसरून गेला, पातळ, जणू कोणी ओल्या फडक्याने काच पुसली असावी. मामाजींनी आणखी एक थेंब सोडला. तोही पसरला.

बाईंनी समजूतदारपणे आतून हळदीकुंकवाची वाटी आणवली. नवी वस्तू घेताना लोक नारळ फोडतात, पेढे ठेवतात, तसाच हा प्रकार असावा असा त्यांचा समज झाला. माझाही तोच होता.

"हे द्या," मामाजी म्हणाले. त्यांचे बोट प्लास्टिकवर होते.

मी त्यांच्या कानाशी लागून अध्यक्षांचा हुकूम पुन्हा सांगितला. गतवर्षीचा वाद ओरखड्यांवरूनच झाला होता याचे स्मरण दिले. पटाच्या दिवशी धूळ असते, बैलांच्या खुरांचे खडे उडतात. पहिल्याच दिवशी या काचेवर ओरखडा पडेल आणि कापगते त्यावर बोट ठेवील. मामाजी सर्व ऐकत होते. त्यांची दृष्टी माझ्यावर नव्हती, रस्त्यापलीकडे लावलेल्या पाटीवर होती. ती पाटी ते अगदी सहज वाचीत होते. ओठ हलत होते.

"हे फुगीर आहे, हे मले मानवते," ते म्हणाले.

मी विनविले की मानवण्याचा प्रश्न नाही, मानाचा आहे. आपण प्लास्टिक घेऊन गेलो तर गाव म्हणेल, घड्याळजींना चांगल्या वस्तूची पारख नाही.

मग त्यांनी विचारले, "जावाई, तुमची जबान गुंतली आहे का अध्यक्षाजवळ?"

"हो जी, मामाजी."

"मंग तुम्ही म्हणता ते घ्या."

एवढे बोलून त्यांनी बाटलीला बूच लावले. मी सफायर घेतले. बाईंनी पेटीसोबत ती द्रावणाची कुपीही दिली. काच नित्य अशीच स्वच्छ राहावी म्हणून.

परतीच्या एस.टी.त मामाजी खिडकीशी बसले. भिवापूर मागे पडेपर्यंत ते बाहेर पाहत होते. मी मात्र अध्यक्ष किती प्रसन्न होतील हेच त्यांना सांगत राहिलो. अखेर त्यांनी एकच प्रश्न केला.

"ते पुसाची कुपी देल्ली का त्या बाईनं?"

"हो जी. फुकट दिली."

"असं," ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

नरहरीजी भेंडारकर खरोखरच प्रसन्न झाले. इतके की त्यांनी घड्याळ स्वतःजवळच ठेवून घेतले. मिलवर येणाऱ्या प्रत्येकास ते पेटी उघडून दाखवीत, किल्लीच्या टोकाने काचेवर ओढून दाखवीत, आणि नंतर कुपीतील द्रावणाने पुसून ठेवीत. मामाजी एकदा तेथे गेले आणि हात बसावा म्हणून घड्याळ एक दिवस घरी नेऊ देण्याविषयी त्यांनी विचारले. अध्यक्षांनी खुर्ची दिली, चहा दिला, घड्याळ दिले नाही. ते पटावरच द्यायचे, सर्वांसमक्ष, पूजा करून, असे ठरले होते.

मामाजी तेथून थेट आमच्या घरी आले आणि तळ्याच्या पाळीवर, बांधावर, बसून राहिले. देवकन्येने ताट वाढले, त्यांनी अर्धे ठेवले. रात्री ती मला म्हणाली, "बाबाले घड्याळ आवडलं नाही का जी?" मी म्हणालो की आवडले आहे, नवीन वस्तूचा संकोच वाटतो. परंतु माझ्या मनात काहीतरी सलू लागले होते. मी योग्य ते केले होते, दिलेला शब्द पाळला होता, उत्तमात उत्तम काच आणली होती. असे असूनही पट जसजसा जवळ येई तसतशी माझी झोप कमी होऊ लागली. दोन वेळा मी त्यांना विचारले, मामाजी, काही चुकले का. दोन्ही वेळा त्यांनी काच चांगलीच आहे असे सांगितले.

पटाचा दिवस उजाडला. धानाच्या मोकळ्या बांध्यांतून, म्हणजे खाचरांतून, माणसेच माणसे. सकाळच्या धावांत जोड्या शेजारी शेजारी पळतात, पुढे कोण ते डोळ्यांनीच दिसते, तेथे घड्याळ लागत नाही. घड्याळ लागते ते शेवटच्या फेरीत, जेव्हा निवडक जोड्या एकेकट्या धावतात. त्या फेरीत दोनच जोड्या उरल्या. एक आमच्या गावचे शिवणकर यांची, दुसरी मोडकूजी कापगते यांची.

अध्यक्षांनी घड्याळाची पूजा केली. कुंकू काचेला लागले म्हणून पुन्हा द्रावण फवारून ती लखलखीत पुसली आणि घड्याळ मामाजींच्या हाती दिले. टाळ्या झाल्या. मी नेहमीप्रमाणे पाण्याची तांब्याची लोटी घेऊन मामाजींच्या पाठीशी उभा राहिलो. कापगते रेघेच्या पलीकडे हाताची घडी घालून उभे होते.

झेंडी पडली. शिवणकरांची जोडी धुळीचा लोट मागे ठेवून आली आणि गेली. मामाजींनी कळ नेमकी दाबली. दूरचे त्यांना घारीसारखे दिसे. काटा थांबला. त्यांनी लोटीत बोट बुडविले, थेंब काचेवर सोडला आणि मान वाकविली. सर्वत्र टोप्या उतरल्या.

थेंब पसरला.

मामाजींनी दुसरा सोडला. तो काचेवरून वाहून त्यांच्या बाहीत शिरला. त्यांनी घड्याळ दूर धरले, थोडे आणखी दूर धरले. इतक्या माणसांचा तो जमाव, आणि बैलांच्या गळ्यातील घुंगरांखेरीज आवाज नाही.

"काय झालं घड्याळजी?" अध्यक्षांनी हलक्या आवाजात विचारले.

"पुकारा ना जी," पलीकडून कापगते म्हणाले. "नवी काच आहे. आता कायचा उशीर?"

मामाजींनी तिसऱ्यांदा लोटीत बोट बुडविले. ते बुडालेले बोट पाहताच मला ते दुकान आठवले. तीन काचा, तीन थेंब. फुगीर प्लास्टिकवर मोत्यासारखा उभा राहिलेला थेंब आणि त्यातून पाहताना फुललेला त्यांचा चेहरा. रस्त्यापलीकडची पाटी सहज वाचणारे डोळे, आणि तळहातावरील तबकडी हातभर दूर धरणारा हात. तळ्यात कमळाच्या पानावर थेंब उभा राहतो तेव्हा त्याखालची बारीक शीर दोरीएवढी जाड दिसते, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. मामाजी थेंबाला नमस्कार करीत नव्हते. ते थेंबातून वाचीत होते. किती वर्षे, कोण जाणे. आणि त्यांचा तो चष्मा मी नागपुरास, चांगल्या वस्तूच्या नादाने, तबकातच ठेवून आलो होतो.

विचार करण्यास अवधी नव्हता. तेलकट अंगावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन उभे राहते, हे तळ्यात उतरणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. मी टोपी काढली, केसांतून हात फिरविला, आणि मोठ्याने म्हणालो, "मामाजी, घड्याळ नवं आहे. दृष्ट काढाची राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या हातून घड्याळ घेतले. खालची कळ माझ्या बोटाला टेकली होती. ती किंचित दबली असती तर काटा झटक्यासरशी जाग्यावर परतला असता आणि शिवणकरांची धाव या जगातून नाहीशी झाली असती. मी श्वास रोखून घड्याळ कडेने धरले, तेलकट अंगठा काचेवर सावकाश फिरविला, लोकांना दिसावे म्हणून ते एकदा माझ्या डोक्यावरून ओवाळले, आणि परत त्यांच्या तळव्यावर ठेवले.

"आता सोडा तीर्थ," मी म्हणालो.

त्यांनी थेंब सोडला. तो थोडा थरथरला आणि उभा राहिला.

मामाजी वाकले. नेहमीपेक्षा अधिक वेळ वाकलेले राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि आकडा असा खणखणीत पुकारला की दाणीच्या त्या टोकाला असलेल्या झेंडीवाल्यालाही तो ऐकू गेला असावा.

त्यानंतर कापगत्यांची जोडी धावली. तिला पाहून आमच्या गावचे लोकही वाहवा म्हणाले. काटा थांबला, थेंब पडला, मामाजी वाकले. पुकारलेला आकडा शिवणकरांपेक्षा एका रेघेने मागे होता.

कापगते रेघ ओलांडून आले.

"मले दाखवा."

एका रेघेचा प्रश्न होता, आणि काचेवर माझ्या अंगठ्याचे तेल. कापगत्यांनी घड्याळ घेताच थेंब घरंगळून खाली पडला. त्यांनी ते उन्हाकडे धरले. मग दूर धरले, मग आणखी दूर, हात पुरेनासा होईपर्यंत. त्यांनी डोळे बारीक केले. काचेवर ओरखडा एकही नव्हता, तरी ते आकडा सांगत नव्हते.

"दिसते ना, मोडकूजी?" अध्यक्षांनी विचारले. "लाखात एक काच आहे."

कापगत्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. मी त्यांच्या त्या लांब केलेल्या हाताकडे पाहत होतो, आणि असा लांब केलेला हात मी त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहत आहे असे मला वाटले; पहिला मामाजींचा होता. गेल्या वर्षीही कापगत्यांनी घड्याळ असेच दूर धरले होते.

मामाजींनाही ते दिसले असले पाहिजे. त्यांनी लोटीत बोट बुडविले आणि कापगत्यांच्या हातातील काचेवर फार हळूच एक थेंब ठेवला.

"तीर्थातून पाहा जी," ते म्हणाले. "नीट दिसते."

कापगते वाकले. किती वेळ ते तसे राहिले हे मी सांगू शकत नाही. लोकांनी टोप्या पुन्हा काढल्या, कारण सावरल्याचा मोडकू कापगते देवापुढे नमला आहे असेच त्यांना दिसत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या व मामाजींच्या नजरा एकमेकांस भिडल्या. कापगत्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मामाजींचे घड्याळ गेले असते. परंतु तोच शब्द कापगत्यांनाही भोवला असता, कारण गेल्या वर्षीचा तो सगळा तंटा मग कशाच्या जोरावर केला होता, असे लोकांनी विचारले असते.

"दिसते," कापगते म्हणाले. मग जमावाकडे वळून, "बराबर आहे. एक रेघ मागं आहे माही जोडी."

ढोल वाजू लागले. शिवणकरांना लोकांनी खांद्यावर घेतले. अध्यक्ष जो भेटेल त्याला सांगत होते की काच चांगली असली की वाद कसा होत नाही ते पाहा. कापगते निघता निघता माझ्यापाशी थांबले.

"हे पाणी कोठचं जी?"

"वैनगंगेचं."

"थोडं द्या. घरी न्याचं आहे."

मी त्यांच्या बाटलीत लोटी रिकामी केली.

सायंकाळी मामाजी आणि मी तळ्याच्या पाळीवरून घरी निघालो. ते पुढे, मी मागे. मला पुष्कळ बोलावयाचे होते. पुस्तकांत अशा प्रसंगी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडतात. मामाजी मात्र चालत राहिले. पाळीच्या वळणावर ते थांबले, माझ्या डोक्याकडे पाहिले.

"जावाई, तेल कोणतं लावता?"

"जवसाचं जी. थोडं खोबऱ्याचं मिसळतो."

"चांगलं आहे," ते म्हणाले आणि चालू लागले.

याव्यतिरिक्त त्या विषयावर आमच्यात कधीही एक अक्षर बोलणे झाले नाही. मात्र पुढील वर्षी पौष लागताच त्यांनी देवकन्येच्या हाती तेलाची एक बाटली पाठविली. घाण्यावरचे, स्वतः उभे राहून काढविलेले. जावयाच्या डोक्यासाठी, असा निरोप होता. देवकन्येला मोठे नवल वाटले. बाबांनी दिवाळीलाही कधी मला काही पाठविले नव्हते. त्यानंतर दरवर्षी ती बाटली येत राहिली.

एव्हाना आमच्या भागातील बहुतेक पटांवर घड्याळ प्रथम जावयाच्या डोक्यावरून ओवाळण्याची रीत पडली आहे. ज्या घड्याळजीला जावई नाही तो भाच्यावर भागवितो. एका कीर्तनकाराने मला याचा शास्त्राधार विचारला, तेव्हा मी तो शोधून कळवितो असे सांगितले.

मग एका पौषात तेलाची बाटली आली नाही. त्या जागी पेटी आली. उघडून पाहिली तर आत घड्याळ, आणि काचेवर इतक्या वर्षांत एकही ओरखडा नाही.

त्या वर्षीच्या पटावर दाणीच्या शेवटी मी उभा राहिलो. माझे वय तेव्हा चाळिशीच्या आतले, नजर उत्तम. तबकडीवरील रेघन्‌रेघ मला उन्हातही दिसत होती. पहिली जोडी आली, मी कळ दाबली, काटा थांबला. आकडा तोंडाशी आला. परंतु समोर लोकांनी टोप्या काढल्या होत्या. त्या गर्दीत, पुढच्या रांगेत, मामाजी बसले होते, आणि त्यांच्या शेजारी सावरल्याचे मोडकूजी कापगते. दोघांच्याही नाकावर जाड काळ्या काड्यांचे नवे चष्मे होते. दोघेही माझ्या हाताकडे पाहत होते.

मी टोपी काढली, केसांतून हात फिरविला आणि काचेवर थेंब सोडला.